चढाईचे गुण कोणाचे?

चांगला चढाईपटू कसा ओळखायचा, याबद्दल रायगड जिल्ह्यात मत नसलेला माणूस सापडणं कठीण. पण याच विषयावर मराठीत लिहिलेलं काही शोधायला गेलं, तर हाती काय लागतं? सामन्यांच्या बातम्या, लिलावातल्या रकमांच्या बातम्या, आणि एखादा मुलगा प्रो कबड्डीत चमकला की त्याच्या घरच्या गरिबीची गोष्ट. फलंदाजाच्या कव्हर ड्राइव्हवर आपल्याकडे पानंच्या पानं लिहिली गेली. कबड्डी आपल्या मातीतली म्हणून आपण छाती फुगवतो, तिचे नियम बांधण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा होता हेही सांगतो. पण चढाईची समीक्षा म्हणावी असं काही लिहीत नाही.

ही उणीव फक्त वाचनाच्या हौसेची असती तर तिच्यावर लेख पाडण्याची गरज नव्हती. पण २०१४पासून कबड्डीत लिलाव आला आहे. अलीकडच्या लिलावांत प्रत्येक संघाकडे पाच कोटींची थैली असते, आणि खेळाडूंची मूळ किंमत गटानुसार ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख अशी ठरलेली असते. कोण कुठल्या गटात, कोणावर बोली लागणार, कोणाचं नाव पुकारलं जाऊन खोलीत शांतता पसरणार, हे सगळं कोणीतरी कशाच्या तरी आधारावर ठरवतं. तो आधार काय आहे, तो कितपत खरा आहे, आणि तो चुकला तर भुर्दंड कोणाला पडतो, एवढंच इथे तपासायचं आहे.

मी राहतो पनवेलला, काम करतो सॉफ्टवेअरमध्ये. एखादा आकडा दिसला की तो कुठून आला, कोणी लिहिला आणि त्यात काय मोजलं गेलं नाही, हे विचारायची सवय नोकरीने लावली आहे. ती सवय चढाईगुणांना लावून बघतो.

२१८ आणि २१७

सुरुवात सिद्धार्थ देसाईपासून करू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा हा खेळाडू. मे २०१८मध्ये मुंबईत सहाव्या हंगामाचा लिलाव झाला. त्यात मोनू गोयतवर हरियाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाखांची बोली लावली. रिशांक देवाडिगाला यूपी योद्धाने १ कोटी ११ लाखांना घेतलं. चारच महिने आधी, जानेवारीत, हैदराबादला त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं होतं. लीगमध्ये नवखा असलेल्या सिद्धार्थला यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना उचललं. पहिल्याच हंगामात त्याने २१८ चढाईगुण घेतले. लोकांनी त्याला ‘बाहुबली’ करून टाकलं, आणि २०१९च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती.

सातव्या हंगामात सिद्धार्थने २१७ गुण घेतले. म्हणजे टायटन्सनी ज्या आकड्यासाठी पैसे दिले, तो आकडा त्यांना मिळाला. एका गुणाचा फरक. पण आदल्या वर्षी यू मुंबा बाद फेरीत पोहोचली होती, आणि टायटन्स या वर्षी बारा संघांत अकरावे आले.

यात सिद्धार्थचा दोष काढायचं कारण नाही. त्याने आपलं काम केलं. प्रश्न आकड्याचा आहे. दोन वेगळ्या संघांत, दोन वेगळ्या हंगामांत, एकाच माणसाच्या नावापुढे जवळपास तोच आकडा उभा राहतो आणि त्यातून संघाचं काय झालं याचा अंदाजही येत नाही. मग त्या आकड्यात नेमकं काय मोजलं जातं?

एक गुण म्हणजे एक गुण नाही

चढाईगुण सुटा करून बघू. चढाईपटूला गुण मुख्यतः दोन मार्गांनी मिळतो. त्याने बचावपटूला स्पर्श केला आणि मध्यरेषा गाठली, तर जितके बाद तितके गुण. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना त्याने बोनस रेषा नीट ओलांडली, तर बोनसचा एक गुण. नोंदीत दोन्ही ‘१’.

मैदानावर मात्र या दोन गुणांत मोठा फरक आहे. स्पर्शाच्या गुणाने समोरचा एक माणूस बाहेर जातो आणि आपला बाद झालेला एक माणूस आत येतो. बोनसने दोन्हीपैकी काहीच होत नाही. समोर सात होते ते सातच राहतात, आपले बाहेर बसलेले बाहेरच राहतात. सामन्यात बोनसचे सहा गुण घेणारा आणि स्पर्शाचे सहा गुण घेणारा, यांच्या नावापुढे तोच आकडा पडतो. दुसऱ्याने त्या वेळात सहा वेळा समोरची फळी फोडलेली असते.

आता दुसरी बाजू. चढाईपटू पकडला गेला की समोरच्या संघाला एक गुण मिळतो, त्यांचा एक खेळाडू जिवंत होतो आणि आपला मुख्य मारा बाकावर जाऊन बसतो. चढाईगुणांच्या रकान्यात या नुकसानाला जागा नाही. समजा, ‘क’ने बावीस चढायांत बारा गुण घेतले आणि तो आठ वेळा पकडला गेला. ‘ख’ने चौदा चढायांत आठ गुण घेतले आणि तो एकदाच पकडला गेला. दुसऱ्या दिवशी बातमी ‘क’ची येते, कारण दहा गुण झाले की ‘सुपर टेन’. संघाच्या हिशोबात कोण जास्त कामाचा, हे मी वाचकांवर सोडतो.

लीग यशस्वी चढायांची टक्केवारी वगैरे आकडे आता देते, आणि ते द्यायलाच हवेत. पण त्यांच्यातही आणखी एक गोष्ट निसटते. चढाईची संधी कोणी दिली? चाळीस मिनिटांचा सामना, तीस सेकंदांची चढाई, दोन संघ आलटून पालटून. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साधारण चाळीस चढाया. त्यातल्या वीस प्रशिक्षकाने एकाला दिल्या, तर उरलेल्या वीस इतरांत वाटल्या जाणार. बाद होऊन बाकावर बसलेला चढाईपटू परत कधी येणार, हे त्याच्या हातात नसतं. कोपरारक्षकाने घोटा धरून पकड केली की तो आत येतो. डाव्या कोपऱ्यातला माणूस भक्कम असेल तर मुख्य चढाईपटू बाद होऊनही मिनिटभरात मैदानावर असतो, आणि कोपरा कच्चा असेल तर पाच-पाच मिनिटं टॉवेल खांद्यावर टाकून बसतो. त्या कोपरारक्षकाच्या पकडी चढाईपटूच्या आकड्यात मिसळलेल्या असतात, पण तिथे त्याचं नाव नसतं.

आणि तिसरी चढाई. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घेतलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. बचावाला हे माहीत असतं. ते पुढे येत नाहीत, वाट बघतात. काही संघ या चढाईसाठी एखादा ठरावीक मुलगा ठेवतात. त्याची टक्केवारी वाईटच दिसणार, कारण त्याला कायम अवघड प्रश्नपत्रिका मिळते. मुख्य चढाईपटूची टक्केवारी छान दिसते, त्यामागे काही वेळा या मुलाने अंगावर घेतलेल्या पकडी असतात.

पवनच्या पायांत काय बदललं?

पवन सेहरावतचं उदाहरण मला या सगळ्यात सर्वांत बोलकं वाटतं. पाचव्या हंगामात तो गुजरातकडे होता. अख्ख्या हंगामात त्याच्या नावावर जेमतेम दहा चढाईगुण. पुढच्या हंगामात तो बेंगळुरू बुल्सकडे आला आणि त्याने २७१ गुण घेतले. ५ जानेवारी २०१९ला मुंबईतल्या अंतिम सामन्यात त्याने २२ गुण घेऊन बेंगळुरूला विजेतेपद मिळवून दिलं, तेही गुजरातच्याच विरुद्ध. पुढे २०२२मध्ये तमिळ थलैवाजने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख दिले आणि २०२३मध्ये तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांच्या वर.

एका वर्षात माणसाची उडी सत्तावीस पटींनी वाढत नाही. त्याने मेहनत केली असणारच, पण मेहनत तो आधीही करत होता. बदल झाला तो भूमिकेत. आधी तो अधूनमधून आत जाणारा पर्याय होता, नंतर तो संघाचा पहिला चढाईपटू झाला. पकडला गेला तरी पुढची चढाई आपलीच आहे हे माहीत असलेला खेळाडू वेगळा खेळतो. जो पकडला गेल्यावर पुन्हा कधी उठवला जाईल हे सांगता येत नाही, तो निदान रेषा ओलांडून परत येतो. ही रिकामी चढाई बघून आपण म्हणतो, पोरगा घाबरट आहे.

अर्जुन देशवालचंही असंच. यू मुंबाकडे सुरुवातीला तो इतरांच्या सावलीत होता. जयपूरने त्याला मुख्य चढाईपटू केलं आणि नवव्या हंगामात त्याने २९६ गुण घेत संघाला विजेतेपदापर्यंत नेलं. असे खेळाडू दिसले की आपण ‘उशिरा बहरला’ असं म्हणतो. बहर उशिरा आला, की पाणी उशिरा मिळालं?

अमेरिकेतलं एक उदाहरण

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘रिसीव्हर’ नावाची जागा असते. लांबून फेकलेला चेंडू बचावपटूला चकवून झेलायचा आणि पळायचं. आपल्या चढाईपटूसारखंच तिथेही सगळ्यांचे डोळे या माणसावर असतात. महाविद्यालयातून येणारे रिसीव्हर दरवर्षी ‘ड्राफ्ट’मध्ये व्यावसायिक संघ निवडतात, आणि त्याआधी काही महिने शेकडो लोक फक्त त्यांची पारख करण्यात घालवतात. चाळीस यार्ड पळायला लागलेला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. २०१७ साली जॉन रॉस नावाचा खेळाडू ४.२२ सेकंदांत पळाला, तेव्हाचा विक्रम. त्याला नववी निवड मिळाली. त्याची कारकीर्द मात्र कधी उभीच राहिली नाही.

त्यामुळे तिथल्या अभ्यासकांनी दुसरा रस्ता धरला. झेल किती घेतले हे विचारण्याऐवजी, स्वतःच्या महाविद्यालयीन संघाच्या एकूण कमाईत या मुलाचा वाटा किती आणि तो वाटा त्याने किती लहान वयात मिळवला, हे ते विचारू लागले. बावीस वर्षांच्या मुलाने अठरा वर्षांच्या मुलांवर मात करणं वेगळं आणि अठराव्या वर्षी बावीसच्या मुलांना हरवणं वेगळं. प्रश्न साधा आहे, पण त्याने नुसत्या बेरजेपेक्षा बरंच जास्त दिसतं.

तरी तेही पुरेसं पडत नाही, हे २०२०च्या ड्राफ्टने दाखवलं. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या संघाने २०१९चं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं होतं. चेंडू फेकणारा जो बरो. झेलणाऱ्यांत जमार चेस आणि जस्टिन जेफरसन, दोघेही एकाच संघात. जेफरसनने त्या हंगामात १११ झेल घेतले होते. मग शंका निघाल्या. फेकणारा उत्तम होता म्हणून का? बचावाचं लक्ष चेसकडे होतं म्हणून का? ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी चार रिसीव्हर निवडले गेले आणि बाविसाव्या क्रमांकावर मिनेसोटाने त्याला घेतलं. पहिल्याच व्यावसायिक हंगामात त्याने १४०० यार्ड कमावले. आता तो त्या खेळातल्या सर्वोत्तम रिसीव्हरांत गणला जातो.

शंका घेणाऱ्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. दोन चांगले खेळाडू शेजारी असले की श्रेय कोणाचं हे विचारायलाच हवं. चूक अशी की उत्तर शोधायला प्रत्येक चेंडू पुन्हा बघण्याऐवजी काहींनी शंकेलाच उत्तर मानलं. आपल्याकडे पाटणा पायरेट्सच्या देवांक दलालने अकराव्या हंगामात ३०१ गुण घेतले, त्याच्या जोडीला नवखा अयान लोहचब होता. पुढच्या लिलावात देवांकवर दोन कोटींच्या वर बोली लागली. त्या ३०१मधले किती गुण अयानमुळे समोरची फळी आधीच विस्कटलेली असताना आले, आणि अयानचे किती गुण देवांकच्या धाकामुळे आले? हे काढता येतं. प्रत्येक चढाईचं चित्रीकरण उपलब्ध आहे. फक्त कोणीतरी बसून ते मोजायला हवं.

डोळा आणि नाव

इथे जुने खेळाडू म्हणतील, की आकडे राहू दे, आम्हाला बघून कळतं. या म्हणण्यात तथ्य आहे. पाय टाकण्याची लय, खांदा पाडून दिलेली हूल, पकड पडायच्या अर्धा क्षण आधी उचललेला पाय, हे कुठल्या रकान्यात बसत नाही. पन्नास वर्षं मैदानाच्या कडेला बसलेल्या माणसाला जे दिसतं, ते मला दिसणार नाही.

पण डोळ्यालाही सवयी असतात. उंच मुलगा दिसला की तो चढाईपटू वाटतो. ओळखीचं नाव दिसलं की हात वर जातो. पुणेरी पलटणचा आठवा हंगाम आठवा. लिलावात संघाने नितीन तोमरसाठी ६१ लाख दिले आणि राहुल चौधरीसाठी ४० लाख. लीगमधली ही दोन मोठी नावं. हंगाम सुरू झाला आणि बघता बघता संघाचा भार अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोन नवख्यांवर आला. दोघेही ‘न्यू यंग प्लेअर’ म्हणून संघात आलेले. त्यातला अस्लम आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पुणेरीने पहिलं विजेतेपद जिंकलं, आणि तो हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडूही ठरला.

पुणेरीचं श्रेय असं, की नावं विकत घेतल्यावरही त्यांनी नवख्यांना खेळवलं आणि नंतर त्यांना सांभाळून ठेवलं. अस्लमचे एकूण चढाईगुण त्या हंगामातल्या पहिल्या चढाईपटूंइतके नव्हते. त्याचं मोल बेरजेत शोधलं तर सापडत नाही. पकड करायला तो मागे उभा राहायचा, सामना हातातून निसटतोय असं वाटलं की घड्याळ खात संथ चढाई करायचा, आणि शेवटच्या पाच मिनिटांत कुठला गुण घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे त्याला कळायचं. रिकामी चढाईही चांगली किंवा वाईट असू शकते, हे त्याच्याकडे बघून समजतं.

टोपणनावांची समीक्षा

आपल्याकडे चढाईपटूची जी काही समीक्षा होते, ती टोपणनावांतून होते. डुबकी किंग, हाय फ्लायर, बाहुबली, नवीन एक्स्प्रेस. समालोचकाला ती सोयीची, टी-शर्टवर छापायला बरी. पण टोपणनाव खेळाडूला एका कृतीत कोंबतं. प्रदीप नरवाल साखळीखालून सूर मारून निसटायचा, म्हणून तो डुबकी किंग. पाचव्या हंगामात त्याने ३६९ गुण घेतले, लीगमधला एका हंगामाचा विक्रम. डुबकी सगळ्यांनी पाहिली. ती डुबकी शक्य व्हावी म्हणून तो आधी बचावपटूंना कुठे खेचून आणत होता, पाय कुठे अडकवून घेत होता, साखळीची उंची कशी वाढवत होता, याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. २०२१मध्ये यूपी योद्धाने त्याच्यासाठी १ कोटी ६५ लाख दिले. त्या हंगामात त्याचे गुण दोनशेपर्यंतही गेले नाहीत. वय, थकवा, नवा संघ ही कारणं आहेतच. पण एव्हाना सगळ्या बचावफळ्या डुबकीची वाट बघत खाली वाकून उभ्या राहायला शिकल्या होत्या, आणि प्रेक्षकांना मात्र दर वेळी डुबकीच हवी होती.

साहित्यात आपण हेच करतो. एखाद्याला ‘ग्रामीण लेखक’ म्हटलं की त्याची वाक्यरचना, त्याचा विनोद, त्याची राजकीय समज कोणी बघत नाही. गावाचं वर्णन बरं जमलंय एवढं म्हणून पुस्तक मिटतं. शिक्का मारला की वाचायचे कष्ट वाचतात. कबड्डीत हे कष्ट वाचवण्याची किंमत लाखांत असते, आणि ती बहुतेक वेळा खेळाडू देतो.

माती ते मॅट

आता आपल्या भागाकडे येऊ. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात हिवाळा सुरू झाला की गावोगाव सामने लागतात. रात्री हॅलोजनच्या उजेडात, मातीच्या मैदानावर, कडेला कोणीतरी मोबाइल बांबूला बांधून थेट प्रक्षेपण करत असतो. इथे खेळणाऱ्या मुलांतली काही जिल्ह्याच्या निवड चाचणीला जातात, त्यातली काही राज्याच्या संघापर्यंत पोहोचतात. कबड्डीने ज्यांच्या घरात पगार आणला, अशा कुटुंबांची इथे कमतरता नाही. कोणी रेल्वेत, कोणी पोलिसांत, कोणी बँकेत, कोणी कंपनीच्या संघात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे निवड चाचणीतल्या दोन दिवसांत कोणाच्या तरी नजरेत भरावं लागतं.

या मुलांबद्दल लिलावाच्या खोलीत काय माहिती पोहोचते? गुणपत्रकावर धावता गुणफलक असतो, निकाल असतो. सामना संपला की तो कागद फाइलमध्ये जातो. मातीवर अनवाणी खेळणारा मुलगा मॅटवर बूट घालून कसा वळेल, हे त्यात नाही. कुमार गटात वजनाची मर्यादा बरीच कमी असते आणि वरिष्ठ पुरुषांत ती ८५ किलोपर्यंत जाते. आपल्याच वजनाच्या मुलांना खांद्याने ढकलून निसटणारा मुलगा दोन वर्षांनी भरलेल्या कोपरारक्षकाच्या हातात सापडला तर काय करेल, हेही नाही. पोहोचतात त्या मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या चित्रफिती. एका चढाईत चार जण बाद, खाली ढोल-ताशाचं संगीत. त्या चढाईआधीच्या सात रिकाम्या चढाया कापलेल्या असतात, आणि त्या सातांतच तो मुलगा खरा कसा खेळतो ते दडलेलं असतं.

संघाचं काय? एक चुकीची बोली लागली तर पुढच्या वर्षी थैली पुन्हा भरते. मुलाचं तसं नसतं. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा कॉलेजचं तिसरं वर्ष सोडून सराव शिबिराला जातो, हंगामभर बाकावर बसतो, तीन सामन्यांत मिळून सहा चढाया करतो, आणि पुढच्या यादीत त्याच्या नावापुढे दोन गुण असतात. ते दोन गुण हीच त्याची ओळख. पवन सेहरावतला दहा गुणांनंतर आणखी एक संधी मिळाली. ज्यांना मिळाली नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, त्यामुळे पारख चुकली होती हेही कधी कळत नाही. ज्या मापाच्या चुका दिसतच नाहीत, ते माप बरोबर आहे असं वाटत राहतं.

मग बघायचं काय?

टीका करून थांबणं सोपं आहे, म्हणून माझी यादी देतो. तीत अवघड काही नाही.

पहिलं, समोर सात जण असताना तो काय करतो. तिघांसमोर गुण घेणं आणि पूर्ण फळीसमोर गुण घेणं वेगवेगळं लिहायला हवं. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर समोरच्याला दोन गुण मिळतात, तेव्हा तिथला धोकाही वेगळा.

दुसरं, पकडला गेल्यानंतरची त्याची पुढची चढाई. तो त्याच कोपऱ्याकडे पुन्हा जातो का, की दुसऱ्या बाजूला पळतो, की मध्यरेषेजवळ वेळ काढतो? माझ्या मते नवख्याबद्दल सर्वांत जास्त माहिती या एका चढाईत असते.

तिसरं, स्पर्श आणि बोनस वेगळे मोजणं, आणि प्रत्येक स्पर्शानंतर आपला कोण जिवंत झाला ते लिहिणं. चौथं, तिसऱ्या चढायांचा हिशोब स्वतंत्र ठेवणं. पाचवं, तो बाद होऊन बाहेर किती वेळ बसला आणि त्याला आत कोणी आणलं. या पाचव्या रकान्यात कोपरारक्षकाचं नाव येईल, आणि कदाचित पहिल्यांदाच त्याच्या कामाची चढाईपटूच्या कामाशी सांगड घातली जाईल.

हे सगळं मोजलं की पारख बिनचूक होईल, असा माझा दावा नाही. मोजमापाची एक खोड असते. ज्या आकड्यावर पैसे मिळतात, तो आकडा वाढवायला लोक शिकतात. पकडलं न जाण्याला भाव आला तर मुलं जोखीम घेणं सोडतील, निदान रेषेला पाय लावून परतणारे शिस्तबद्ध चढाईपटू तयार होतील आणि खेळ मरेल. म्हणून जुन्या खेळाडूंचा डोळा हवाच. फक्त त्या डोळ्याने पाहिलेलं लिहून ठेवलेलं हवं, म्हणजे दोन वर्षांनी ते पडताळता येईल. ‘पोरात दम आहे’ हे मत पडताळता येत नाही. ‘उजव्या कोपऱ्याकडून पकडला गेल्यावर पुढच्या चढाईत पुन्हा तिकडेच गेला, आणि या वेळी हात लावून आला’ हे पडताळता येतं. चांगल्या समीक्षेकडून आपण पुस्तकांच्या बाबतीतही हेच मागतो. मत द्या, पण कुठल्या पानावरून दिलंत ते सांगा.

या कामाला मोठा खर्च नाही. गावच्या सामन्याचं प्रक्षेपण आधीच मोबाइलवर होतंय. शेजारी बसलेल्या एकाने वही घेऊन पाच रकाने आखले, तर एका हिवाळ्यात तालुक्यातल्या सगळ्या चढाईपटूंची नोंद उभी राहील. नवव्या-दहावीतली मुलं हे सहज करतील, आणि करता करता खेळही शिकतील. ती वही निवड चाचणीच्या टेबलावर पोहोचली, तर बाकावरून सहाच चढायांना उठवलेल्या मुलाच्या बाजूने बोलणारा निदान एक कागद तिथे असेल. आज त्याच्या बाजूने बोलायला त्याचे काका असतात, आणि तेही ओळखीचे असले तरच.